दोन वर्षांचा नियम आणि तीन वर्षांचं गाव

अमेरिकेत रेसिडेन्सी, म्हणजे रुग्णालयातलं पदव्युत्तर प्रशिक्षण, करायला निघालेल्या डॉक्टरपुढे व्हिसाचे साधारण दोनच रस्ते असतात, नोकरीचा एच-वन-बी किंवा देवाणघेवाणीचा जे-वन. माझ्यावर निवड करायची वेळच आली नाही. मार्च २०१९मध्ये मॅचचा, म्हणजे डॉक्टर आणि रुग्णालयं जुळवणाऱ्या प्रक्रियेचा, निकाल लागला, मिशिगनमधल्या एका रुग्णालयात इंटर्नल मेडिसिनची जागा मिळाली आणि पत्रात स्पष्ट लिहिलेलं होतं, की परदेशी डॉक्टरांना ते फक्त जे-वनवर घेतात. पुष्कळ ठिकाणी असंच असतं. एच-वन-बी करायचा तर रुग्णालयाला खर्च करावा लागतो, वकील लावावा लागतो आणि डॉक्टरनं यूएसएमएलई या अमेरिकी परवाना परीक्षेची स्टेप थ्री आधीच पास केलेली असावी लागते. जे-वनची सगळी जबाबदारी ईसीएफएमजी ही संस्था उचलते. रुग्णालयाला ते सोपं पडतं.

सोपं त्यांना पडतं. डॉक्टरच्या पुढच्या दहा वर्षांचा नकाशा मात्र तिथेच ठरून जातो, आणि ही गोष्ट मॅचच्या आनंदात कोणी नीट सांगत नाही. म्हणून हे सविस्तर लिहिते आहे.

बीकेसीतल्या वकिलातीतून पासपोर्ट परत आला, तेव्हा व्हिसाच्या खालच्या बाजूला एक ओळ छापलेली होती: कलम २१२(ई) लागू, दोन वर्षांचा नियम लागू. या नियमाचं मूळ १९६१ सालच्या अमेरिकी कायद्यात आहे. परदेशी माणसांनी यावं, शिकावं आणि शिकलेलं आपल्या देशात घेऊन जावं, ही देवाणघेवाणीच्या व्हिसामागची कल्पना. म्हणून काही जे-वनधारकांवर अट असते, की कार्यक्रम संपल्यावर मायदेशात एकूण दोन वर्षं प्रत्यक्ष राहायचं. ती सलग नसली तरी चालतात. ती पूर्ण होईपर्यंत नोकरीचा एच किंवा एल व्हिसा मिळत नाही, ग्रीन कार्ड मिळत नाही, आणि अमेरिकेत बसून एका व्हिसावरून दुसऱ्यावर जाणंही जवळजवळ बंद होतं. ‘दोन वर्षं अमेरिकेत पाऊलच ठेवता येत नाही’ असं आपल्याकडे सर्रास सांगतात, ते खरं नाही. पर्यटक म्हणून येता येतं, विद्यार्थी म्हणूनही येता येतं. एच किंवा एलवर नोकरी करायला आणि कायमचं राहायला येता येत नाही.

अट सगळ्यांवर नसते. ती तीन कारणांनी बसते. शिक्षणासाठी तुमच्या किंवा अमेरिकेच्या सरकारचा पैसा लागला असेल तर, फुलब्राइट शिष्यवृत्तीवाले यात येतात. तुमच्या देशाला गरज असलेल्या कौशल्यांच्या अमेरिकी सरकारी यादीत तुमचा विषय असेल तर. आणि तिसरं कारण, तुम्ही डॉक्टर असून रेसिडेन्सी किंवा त्यापुढच्या फेलोशिपसाठी आला असाल तर. आपल्यावर ही अट नेमकी कोणत्या कारणानं आहे, हे जे-वनवरच्या प्रत्येकानं पहिल्या आठवड्यात शोधून ठेवावं, कारण सुटकेचे रस्ते त्या कारणाप्रमाणे बदलतात. संशय असेल तर अमेरिकेच्या परराष्ट्र खात्याच्या वेव्हर (अटीतून सूट) विभागाकडून लेखी मत मागवता येतं. माझ्या बाबतीत संशयाला जागाच नव्हती. रेसिडेन्सीसाठी जे-वनवर आलेल्या प्रत्येक डॉक्टरवर ही अट असतेच.

त्याआधी दिल्लीचा कागद. ईसीएफएमजीला आपल्या आरोग्य मंत्रालयाचं पत्र लागतं, ‘स्टेटमेंट ऑफ नीड’. त्याची शब्दरचना अमेरिकी नियमांनीच ठरवून दिलेली आहे. देशाला या विषयातल्या डॉक्टरांची गरज आहे आणि शिक्षण संपल्यावर परत येऊन इथेच प्रॅक्टिस करण्याची लेखी हमी या डॉक्टरनं सरकारला दिली आहे, असं मंत्रालय त्यात म्हणतं. ती हमी अर्थातच आधी आपण लिहून द्यायची. अंबाजोगाईला कोर्टाबाहेर बसणाऱ्या टंकलेखकाकडून मी ती स्टँप पेपरवर उतरवून घेतली, नोटरीचा शिक्का घेतला आणि निर्माण भवनाच्या पत्त्यावर कागद गेले. अण्णा, माझे वडील, जिल्हा परिषदेच्या शाळेतून मुख्याध्यापक म्हणून निवृत्त झालेले. कागद न वाचता सही करू द्यायची त्यांना सवय नाही. त्यांनी मसुदा वाचला आणि विचारलं, “म्हणजे तू परत येणार आहेस?” मी म्हणाले, हो. तेव्हा ते खरंच होतं. तीन वर्षं शिकायचं, लातूर किंवा औरंगाबादला येऊन काम करायचं, असंच माझ्या मनात होतं.

सही करताना मला माझा बाँडही आठवत होता. महाराष्ट्रातल्या सरकारी कॉलेजातून एमबीबीएस केलं की एक वर्ष सरकारी सेवा करायची, नाहीतर दहा लाख रुपये भरायचे. आमच्याकडे दहा लाख नव्हते, आणि असते तरी मी गेलेच असते. धारूर तालुक्यातल्या एका प्राथमिक आरोग्य केंद्रात मी ते वर्ष काढलं. दसरा झाला की ओपीडी ओस पडायची, कारण मुकादमाची उचल घेतलेली जोडपी कोयते आणि लेकरं घेऊन साखर कारखान्यांकडे निघून जायची. मागे उरायचे म्हातारे आणि त्यांच्या जिवावर ठेवलेली शाळकरी मुलं. उन्हाळ्याच्या तोंडाला जोडपी परत आली की वाढलेलं ब्लडप्रेशर, अंगावर काढलेले ताप, नोंदच न झालेली बाळंतपणं, सगळं एकदम दारात. मी तिथून निघाले तेव्हा माझ्या जागी कोणी आलं नाही; जागा बरेच महिने रिकामी राहिली. हे इथे लिहिते कारण पुढे जे झालं ते मला त्याच्यापासून वेगळं करून सांगता येत नाही.

रेसिडेन्सीची पहिली वर्षं कशी गेली ते सांगण्यात अर्थ नाही, कोविडच्या वॉर्डात होतो एवढं पुरे. २०२१च्या सुरुवातीला आम्हाला मुलगा झाला. नवरा जे-टूवर, म्हणजे जे-वनधारकाच्या जोडीदाराच्या व्हिसावर, होता. जे-टूला कामाचा परवाना मिळतो, त्यामुळे तो एका औषध कंपनीत डेटाचं काम करत होता. दुसऱ्या वर्षाच्या हिवाळ्यात आमच्या बॅचमधल्या सगळ्या जे-वनवाल्यांच्या तोंडी एकच विषय होता, पुढे काय. फेलोशिप करायची तर जे-वन वाढतो, एकूण सात वर्षांपर्यंत. पण त्यानं प्रश्न सुटत नाही, पुढे ढकलला जातो. आणि एकदा वेव्हर घेतला की जे-वन संपला, त्यावर फेलोशिप होत नाही. मला नेफ्रॉलॉजी (मूत्रपिंडविकार) करायची होती. बाळ मांडीवर घेऊन आम्ही दोघांनी पुष्कळ रात्री हा हिशेब मांडला.

वकिलाकडे गेलो, तेव्हा त्या बाईंनी पाचही रस्ते समोर ठेवले. पहिला, मायदेशाच्या सरकारचं ‘ना हरकत’ पत्र. हा डॉक्टरांना बंदच आहे, कायद्यातच तसं लिहिलं आहे. दुसरा, परतल्यास छळ होण्याची भीती. तो आमचा प्रश्न नव्हता. तिसरा, अमेरिकी नागरिक असलेल्या जोडीदाराला किंवा मुलाला होणारा असाधारण त्रास. मुलगा इथे जन्मलेला, म्हणून मला वाटलं हाच आपला रस्ता. बाईंनी समजावलं, की दोन्ही बाजूंनी सिद्ध करावं लागतं: मूल आपल्याबरोबर भारतात आलं तर त्याला असाधारण त्रास होईल, आणि ते अमेरिकेत मागे राहिलं तरीही होईल. नुसती ताटातूट पुरत नाही. आमचं बाळ ठणठणीत होतं, आजी-आजोबा लातूर जिल्ह्यात त्याची वाट बघत होते. त्याला तिथे त्रास होईल असं शपथेवर लिहायला माझा हात धजला नाही. ज्यांची मुलं खरोखर आजारी असतात, ज्यांचे उपचार तुटू शकत नाहीत, त्यांच्यासाठी हा रस्ता आहे, आणि तो त्यांच्यासाठीच राहावा. चौथा, एखाद्या केंद्रीय खात्यानं किंवा प्रादेशिक आयोगानं तुमच्यासाठी शिफारस करणं. पाचवा कॉनराड थर्टी.

‘ना हरकत’चा रस्ता कसा असतो तो मी जवळून पाहिला तो नवऱ्याच्या मित्रामुळे. तो पुण्याचा, जैवरसायनशास्त्रात पोस्टडॉक. त्याचा विषय भारताच्या कौशल्य यादीत होता. त्याला ‘नोरी’ काढावं लागलं, म्हणजे भारतात परतण्याचं बंधन नसल्याचं प्रमाणपत्र. त्यासाठी पासपोर्ट कार्यालय, राज्याचं गृह खातं आणि दिल्लीचं शिक्षण खातं अशा सगळ्यांची हरकत नाही हे यावं लागतं. पुण्यात पोलीस पडताळणी, मग मंत्रालयात फाइल कुठल्या टेबलावर आहे याचा शोध. त्याचे सत्तरीचे वडील शिवनेरी बसनं मुंबईला जायचे, मादाम कामा रोडवर पासच्या रांगेत उभे राहायचे, आणि साहेब मीटिंगमध्ये आहेत असं ऐकून परत यायचे. अखेर पत्र निघालं, वॉशिंग्टनच्या दूतावासानं ते थेट परराष्ट्र खात्याला पाठवलं, आणि तो मोकळा झाला. नंतर ९ डिसेंबर २०२४ला अमेरिकेनं कौशल्य यादी बदलली आणि भारताचं नाव त्यातून काढलं. आधी येऊन गेलेल्यांनाही ते लागू आहे. म्हणजे केवळ यादीमुळे ज्यांच्यावर अट होती असे असंख्य भारतीय संशोधक एका दिवसात सुटले. बातमी आली तेव्हा मला कितीतरी डॉक्टरांचे आनंदानं फोन आले, आणि प्रत्येकाला सांगावं लागलं, की आपल्याला यातलं काही मिळालेलं नाही. सरकारी पैशानं आलेल्यांना नाही, रेसिडेन्सीला आलेल्यांना नाही.

तर कॉनराड थर्टी. नॉर्थ डकोटाचे सिनेटर केंट कॉनराड यांच्या पुढाकारानं १९९४ साली हा कार्यक्रम सुरू झाला. खेड्यापाड्यांत डॉक्टर मिळत नव्हते, आणि अमेरिकेतच शिकून तयार झालेले परदेशी डॉक्टर दोन वर्षांच्या नियमामुळे निघून जात होते. प्रत्येक राज्याला दर वर्षी वीस डॉक्टरांसाठी शिफारस करता येऊ लागली. २००२मध्ये वीसाचे तीस झाले. डॉक्टरनं तीन वर्षं, आठवड्याला किमान चाळीस तास, डॉक्टरांची टंचाई जाहीर झालेल्या भागात काम करायचं. तेही एच-वन-बीवर, पण त्या व्हिसासाठी मार्चमध्ये होणाऱ्या लॉटरीत न पडता, कारण या डॉक्टरांना कोट्यातून सूट आहे. हा कार्यक्रम कायमस्वरूपी नाही, काँग्रेसला त्याची मुदत पुन्हा पुन्हा वाढवावी लागते, हेही लक्षात असू द्यावं.

तीस हा आकडा सगळ्या राज्यांना सारखाच. कॅलिफोर्नियाला तीस आणि नॉर्थ डकोटालाही तीस. सरकारी वर्ष १ ऑक्टोबरला सुरू होतं. काही राज्यांच्या जागा दार उघडताच संपतात, काहींच्या वर्ष सरत आलं तरी शिल्लक असतात. काही राज्यं प्राथमिक सेवेच्या डॉक्टरांना आधी घेतात, काही नंबर लावून घेतात. यातल्या दहा जागा टंचाईच्या भागाबाहेरच्या, पण तिथल्या रुग्णांना सेवा देणाऱ्या रुग्णालयांना देता येतात, आणि मोठ्या शहरांतली रुग्णालयं त्यांवरच डोळा ठेवून असतात. हे सगळं प्रत्येक राज्याच्या आरोग्य खात्याच्या नियमपत्रात लिहिलेलं असतं. ते वाचायला एक संध्याकाळ लागते, आणि ती संध्याकाळ तिसऱ्या वर्षाच्या उन्हाळ्याआधी काढायलाच हवी. नोकरी, करार आणि कागद ऑक्टोबरच्या आधी तयार नसतील तर पुढचं सगळं कोसळतं.

नोकरी शोधताना सगळ्यात जास्त शिकले ते कराराबद्दल. एका राज्यातल्या रुग्णालयानं तोंडी सगळं कबूल केलं, भेटीला बोलावलं, घरं दाखवली, आणि करार आला तेव्हा त्यात एक कलम होतं: मी तीन वर्षांच्या आत सोडलं तर मोठी भरपाई द्यायची, पण ते मात्र कारण न देता मला काढू शकतील. मी हरकत घेतल्यावर त्यांची उत्तरं येणं थांबलं. मन कडू झालं, पण पुढच्या प्रत्येक करारात आधी काय पाहायचं ते कळलं. कामाची ठिकाणं पत्त्यासह लिहिलेली आहेत का आणि ती सगळी टंचाईच्या भागात येतात का. चाळीस तास रुग्णसेवेचे आहेत का. सोडून गेल्यावर आसपास प्रॅक्टिस करायची नाही असं कलम तर नाही ना. बरीच राज्यं अशा कराराला मान्यताच देत नाहीत. वैद्यकीय निष्काळजीपणाच्या दाव्यांचा विमा नोकरी संपल्यानंतरच्या काळासाठी कोण भरणार. आणि रुग्णालयच बंद पडलं तर. तीन वर्षांची अट तेव्हाही सुटत नाही. सरकारला कारणं पटवून दुसऱ्या टंचाईच्या जागी उरलेली वर्षं पुरी करावी लागतात. जे-वनवरचा डॉक्टर अडलेला असतो हे काही मालकांना पक्कं माहीत असतं. म्हणून करार आपल्या वकिलाला दाखवल्याशिवाय सही करू नका, रुग्णालयाचा वकील आपला वकील नसतो.

नॉर्थ डकोटाचं रुग्णालय मिळालं ते एका सीनियर डॉक्टरच्या सांगण्यावरून. रेड रिव्हरच्या खोऱ्यातलं गाव, काही हजार वस्तीचं. रुग्णालय ‘क्रिटिकल अ‍ॅक्सेस’ प्रकारचं, म्हणजे जास्तीत जास्त पंचवीस खाटांचं, ग्रामीण भागासाठी केंद्र सरकारनं ठरवलेल्या नियमांतलं. मुलाखतीला बोलावलं तेव्हा प्रशासक बाईंनी दोन गोष्टी सरळ सांगितल्या. हिवाळ्यात उणे तीसच्या खाली जातं. आणि आमचे आधीचे डॉक्टर निवृत्त झाले तेव्हापासून आम्ही फिरते डॉक्टर आणून दिवस काढतो आहोत. त्यांनी करार पाठवला तो स्वच्छ होता. मी सही केली.

ऑक्टोबर २०२१मध्ये राज्याकडे अर्ज गेला. त्याआधी परराष्ट्र खात्याचा डीएस-३०३५ फॉर्म भरून केस नंबर घ्यावा लागतो आणि पुढच्या प्रत्येक कागदावर तो लिहावा लागतो. आतापर्यंतचे सगळे डीएस-२०१९, म्हणजे जे-वनची पात्रता-प्रमाणपत्रं, लागतात, अगदी पहिल्यापासून. जे-वनवर दर वर्षी नवा डीएस-२०१९ मिळतो आणि जुने कुठेतरी पडून राहतात, म्हणून ते जपून ठेवा असं मी आता प्रत्येकाला सांगते. राज्याची शिफारस परराष्ट्र खात्याकडे, त्यांची शिफारस यूएससीआयएस या स्थलांतर खात्याकडे, तिथून वेव्हरची मंजुरी, मग रुग्णालयाचा एच-वन-बीचा अर्ज. प्रत्येक टप्प्याला आधीच्या टप्प्याचं पत्र लागतं. शिवाय कायद्याप्रमाणे वेव्हर मिळाल्यापासून नव्वद दिवसांत काम सुरू करायची तयारी लागते. जे-वन जून २०२२अखेर संपत होता, आणि त्यानंतर कार्यक्रमाचे तीस दिवस सवलतीचे. सगळं त्या चौकटीत बसायला हवं होतं.

त्याच वसंतात अण्णांची बायपास झाली. माझा एच-वन-बीचा अर्ज दाखल झालेला होता, त्यात अमेरिकेतल्या अमेरिकेत स्टेटस बदलण्याची मागणी होती. तशी मागणी प्रलंबित असताना देश सोडला तर ती सोडून दिली असं मानतात. मग परत येण्यासाठी मुंबईत नव्यानं व्हिसा घ्यावा लागला असता, आणि तेव्हा अपॉइंटमेंट मिळण्याची काहीच खात्री नव्हती. रात्रपाळी संपवून मी लातूरच्या सर्जनशी व्हिडिओवर बोलायचे, रिपोर्ट वाचायचे, भाऊ आणि आई धावपळ करायचे. अण्णा बरे झाले. पण मुलगी डॉक्टर आणि ऑपरेशनच्या वेळी बाहेर बसायला नाही, हे आईनं मला नंतर एकदाच बोलून दाखवलं. व्हिसाच्या माहितीपत्रकात ‘प्रवास टाळावा’ एवढंच लिहिलेलं असतं. त्या दोन शब्दांची किंमत घरातल्या माणसांनाही मोजावी लागते, तेव्हा निघायच्या आधीच घरी हे बोलून ठेवणं बरं.

नवऱ्याचं काय झालं तेही सांगायला हवं, कारण या गोष्टीत जोडीदाराचा भाग नेहमी गाळला जातो. दोन वर्षांचा नियम जे-टूवरही तितकाच लागू असतो आणि मुख्य डॉक्टरच्या वेव्हरनं तोही सुटतो. पण मी एच-वन-बीवर गेले की तो एच-फोर, म्हणजे एच-वन-बीवाल्याचा जोडीदार, झाला, आणि एच-फोरला आपोआप काम करता येत नाही. २०१५पासून काही एच-फोरना परवाना मिळतो, पण मुख्य माणसाचा आय-१४०, म्हणजे ग्रीन कार्डच्या वाटेवरचा अर्ज, मंजूर झाल्यावर किंवा एच-वन-बीची सहा वर्षं उलटून गेल्यावर. त्याची चांगली चाललेली नोकरी सुटली. तो गावात घरी बसला, मुलाला सांभाळलं, बर्फ उपसला, ग्रंथालयात स्वयंसेवक झाला. त्यानं कुरकुर केली नाही, पण मी त्याच्या जागी असते तर केली असती.

गावात आल्यावर पहिल्याच ऑक्टोबरमध्ये मला ओळखीचं काहीतरी दिसलं. रेड रिव्हरचं खोरं हा साखरेचा मुलूख, पण उसाचा नाही, बीटाचा. ऑक्टोबर लागला की बीटाची काढणी सुरू होते आणि रात्रंदिवस ट्रक धावतात, कारण जमीन गोठायच्या आत सगळं बाहेर यायला हवं. धारूरमध्ये साखरेसाठी माणसं गाव सोडून जायची, इथे साखरेसाठी बाहेरची माणसं गावात येतात: निवृत्त जोडपी आपल्या घर-गाड्या घेऊन, टेक्सासकडचे मजूर, कोण कुठले. बारा-बारा तासांच्या पाळ्या. मग दवाखान्यात ते येतात, दुखावलेले खांदे, मधेच सोडलेली औषधं, गाडीत विसरलेलं इन्सुलिन. पहिल्या हंगामात एक साठीच्या पुढचे गृहस्थ आले, छातीत दुखत असून पाळी संपेपर्यंत थांबलेले. पगार कापला जाईल म्हणून. मी ईसीजी पाहिला, फार्गोला हलवायची सोय केली, आणि रुग्णवाहिका येईपर्यंत त्यांच्याशेजारी उभी राहिले. त्यांना मी सांगितलं, की माझ्या जिल्ह्यात तुमच्यासारखीच माणसं ऊस तोडतात. ते म्हणाले, मग तुम्हाला माहीतच आहे.

वेव्हरला काही लोक पळवाट म्हणतात. भारतातल्या ओळखीच्यांनीही मला म्हटलं आहे. मला ते पटत नाही. स्टँप पेपरवर मी जे लिहून दिलं ते पाळलं नाही, हे खरं आहे आणि ते मी कोणापासून लपवत नाही. भारत सरकारनं ती हमी मागणं रास्त आहे. एमबीबीएसला माझ्यावर जनतेचा पैसा खर्च झाला आहे. पण कायद्यानं त्या दोन वर्षांच्या बदल्यात माझ्याकडून तीन वर्षं घेतली, आणि तीही जिथे कोणी जायला तयार नव्हतं अशा जागी. ज्या वर्षी मी इथे आले त्या वर्षी या गावातल्या मधुमेह्यांना पुन्हा कायमचा डॉक्टर मिळाला. धारूरची रिकामी जागा त्यानं भरत नाही. दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत, आणि मला दोन्ही घेऊनच जगायचं आहे. दर हिवाळ्यात सुट्टी घेऊन मी अंबाजोगाईला जाते तेव्हा कॉलेजच्या इंटर्न्सचे वर्ग घेते, एवढं सध्या माझ्या हातात आहे.

२०२५च्या उन्हाळ्यात तीन वर्षं पूर्ण झाली. आता मी कुठेही जाऊ शकते, पण इथेच थांबले आहे. त्याचं एक कारण कायदेशीरही आहे. टंचाईच्या भागात एकूण पाच वर्षं काम करणाऱ्या डॉक्टरांना ‘राष्ट्रहित’ या आधारावर ग्रीन कार्डसाठी अर्ज करता येतो आणि वेव्हरची तीन वर्षं त्यात धरली जातात. पाच वर्षं संपायची वाट न पाहता आय-१४० आधीच भरता येतो. आमचा मंजूर झाला आणि नवऱ्याला कामाचा परवाना मिळाला. तो आता घरूनच काम करतो. ग्रीन कार्ड मात्र लांब आहे. एका देशाला वर्षाच्या कोट्यातले साधारण सात टक्केच मिळतात, आणि आमच्या ईबी-टू या उच्चशिक्षितांच्या गटात २०२५च्या अखेरीला भारतीयांचे २०१३ सालातले अर्ज हाताळले जात होते. आमची तारीख त्याच्या कितीतरी नंतरची आहे. तोवर एच-वन-बी वाढवत राहायचा, मंजूर आय-१४०मुळे सहा वर्षांनंतरही तो वाढतो.

आमच्या रुग्णालयाला आता आणखी एक डॉक्टर हवा आहे, आणि मुलाखतीला आलेली मुलगी नागपूरची आहे, जे-वनवर, रेसिडेन्सीच्या शेवटच्या वर्षात. सप्टेंबर २०२५मध्ये नव्या एच-वन-बी अर्जांवर एक लाख डॉलर फी लावल्याची घोषणा झाली तेव्हा प्रशासक बाईंचा चेहरा उतरला, कारण पंचवीस खाटांचं रुग्णालय एवढे पैसे कुठून आणणार. महिन्याभरात यूएससीआयएसनं खुलासा केला, की अमेरिकेत असलेल्या माणसाच्या स्टेटस-बदलाला ही फी लागू नाही. म्हणजे तिनं अमेरिकेतच राहून स्टेटस बदलायला हवं; मधे बाहेर पडली किंवा काही कारणानं बदल नाकारला गेला, तर ती फी रुग्णालयाच्या माथी येऊ शकते. तिच्या बहिणीचं लग्न मे महिन्यात नागपूरला आहे. काल तिच्याशी बराच वेळ बोलले. एच-वन-बीचा अर्ज कधी दाखल होईल, तोवर मंजुरी हातात असेल का, आणि लग्न फेब्रुवारीत घेता येईल का हे घरी विचारायला सांगितलं. तिच्या आईला फोन मीच करणार आहे.